सूची कापू नका: मराठी प्रकाशकांना खुलं पत्र

इतिहास, चरित्र, समाजशास्त्र आणि संशोधनपर पुस्तकं काढणाऱ्या सर्व मराठी प्रकाशकांना,

सप्रेम नमस्कार.

मी मुद्रितशोधन करते आणि पुस्तकांच्या शेवटी येणाऱ्या, कोणता विषय कोणत्या पानांवर आहे ते सांगणाऱ्या सूची तयार करते. तुमच्यापैकी काही जणांसाठी काम केलं आहे, बाकीच्यांची पुस्तकं विकत घेऊन वाचली आहेत. खासगीत लिहिलेल्या पत्रांना सौजन्याची उत्तरं आली, सूची गाळायचा निर्णय मात्र जिथल्या तिथे राहिला. शिवाय ज्यांचं नुकसान होतंय ते वाचक त्या पत्रव्यवहारात नव्हतेच. म्हणून आता हे सगळ्यांच्या देखत लिहिते आहे.

निमित्त एका ग्रंथाचं आहे. सातारा जिल्ह्यात १९४२च्या चळवळीत ब्रिटिश सत्तेला समांतर चाललेल्या प्रतिसरकारावरचा ग्रंथ, लेखकाने गावोगाव फिरून आणि दप्तरं चाळून लिहिलेला. त्याची सूची मी केली. मजकूर वाचला, नोंदी ठरवल्या, वर्डच्या फाइलमध्ये खुणा घातल्या, पानं पक्की झाल्यावर एकेक आकडा ताडून पाहिला. ग्रंथ छपाईला जायच्या तोंडावर निरोप आला की पानं फॉर्मात, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या सोळा पानांच्या घडीत, बसत नाहीत, सूची काढली आहे. लेखकालाही तेव्हाच कळलं. ग्रंथ आता दुकानात आला आहे. छपाई स्वच्छ आहे, बांधणी भक्कम आहे, आणि त्यात हवं ते पान शोधायचं तर पहिल्या पानापासून चाळत बसण्याखेरीज उपाय नाही.

त्या प्रकाशकाचं नाव मी घेणार नाही. हे एकाच संस्थेचं वागणं असतं तर हे पत्र लिहिलं नसतं. संदर्भासाठी म्हणून विकली जाणारी, जाडजूड, महागडी मराठी पुस्तकं हातात घ्या आणि शेवटची पानं उघडा. किती पुस्तकांत विषयसूची सापडते ते तुम्हीच पाहा.

गेलं काय, ते आधी सांगते. ‘शेणोली’ अशी एक नोंद होती. ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या तूफान सेनेने तिथे सरकारी पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी लुटली. हा प्रसंग एका प्रकरणात सविस्तर येतो, पण त्याचे धागे पुढे धरपकडीत, आठवणींत, तळटीपांत विखुरलेले आहेत. ते सगळे आकडे एका ओळीत होते. ‘कुंडल’, ‘तूफान सेना’, ‘न्यायदान’, ‘दारूबंदी’, ‘गांधी विवाह’ अशा नोंदी होत्या. ‘पत्री सरकार’ या नावाखाली शोधणाऱ्यासाठी ‘पाहा: प्रतिसरकार’ असं होतं. क्रांतिसिंह नाना पाटील पुस्तकभर आहेत. त्यांच्या नावापुढे आकड्यांची नुसती माळ लावली असती तर कुणालाच तिचा उपयोग झाला नसता. म्हणून त्या नावाखाली पोटनोंदी केल्या होत्या.

सर्वांत जास्त वेळ गेला तो ‘स्त्रिया’ या नोंदीवर. हौसाताई पाटील यांच्यासारखी नावं मजकुरात सरळ भेटतात. पण निरोप पोचवणाऱ्या, भूमिगतांना घरात लपवणाऱ्या, अपरात्री भाकऱ्या थापून देणाऱ्या कितीतरी बायकांची नावं लेखकाला मिळालेली नाहीत. तिथे मजकुरात एवढंच असतं की घरच्यांनी शिदोरी बांधून दिली. त्या वाक्यात ‘स्त्री’ हा शब्द नाही, ‘बाई’ नाही, काहीच नाही. ते पान ‘स्त्रिया: भूमिगतांना आसरा’ या पोटनोंदीखाली आणून ठेवणं हे सूची करणाऱ्याचं काम. उद्या एखादी विद्यार्थिनी या विषयावर प्रबंध लिहायला बसली, तर ग्रंथ हातात असूनही तिला ती पानं सापडणार नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं, आणि हे वाईट वाटणं माझ्या बुडालेल्या श्रमांपुरतं नाही.

आता तुमच्याकडून जी कारणं ऐकू येतात त्यांच्याबद्दल.

पहिलं कारण पानांचं. तीनशे पानांच्या पुस्तकाला दोन रकान्यांत, लहान टाइपात सूची लावली तर साधारण आठ-दहा पानं लागतात. फॉर्म सोळा पानांचा असतो, कागद महाग झालाय, हे सगळं मला माहीत आहे. पण ही आठ-दहा पानं लागणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. प्रस्तावनेची पानं धरली जातात, मनोगताची, ऋणनिर्देशाची, छायाचित्रांची धरली जातात. तुमच्या आगामी पुस्तकांच्या जाहिरातीलाही मागे जागा निघते. फक्त सूचीचा हिशेब कुणी करत नाही, आणि शेवटी पानं वाढली की पहिली कात्री तिच्यावर चालते. माझी तक्रार कागदाच्या भावाबद्दल नाही, या क्रमाबद्दल आहे.

दुसरं कारण अलीकडचं: आता ई-बुक असतं, पीडीएफ असते, त्यात शब्द टाकून शोधता येतं, मग सूची कशाला? या प्रश्नाला जरा सविस्तर उत्तर द्यायला हवं, कारण तो प्रामाणिकपणे विचारला जातो.

मराठीत नाव एका रूपात राहत नाही. ‘पुणे’ शोधलं तर ‘पुण्यात’, ‘पुण्याहून’, ‘पुणेकर’ यांतलं पहिलं-दुसरं सापडत नाही. ‘ठाणे’ शोधलं तर ‘ठाण्याला’ निसटतं. ‘कोल्हापूर’ दीर्घ, ‘कोल्हापुरात’ ऱ्हस्व; ‘नाशिक’ आणि ‘नाशकात’ यांचं तर दुसरंच अक्षर जुळत नाही. मराठी गद्यात गावाचं नाव विभक्तीशिवाय किती वेळा येतं, ते कुठलंही पान उघडून मोजा. म्हणजे शोधणाऱ्याला थोडीशी पानं सापडतात, आणि वाईट म्हणजे बाकीची राहिली आहेत हे त्याला कळतही नाही.

यापुढची अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘साताऱ्यात’ या शब्दातला ‘ऱ्य’ संगणकात दोन प्रकारे साठवला जातो. कुणी त्यासाठी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतं, कुणी साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. कागदावर आणि पडद्यावर दोन्ही सारखे. पण एक टाकून शोधलं तर दुसरं मिळेलच याची खात्री नाही. ‘ॲनी बेझंट’मधला ‘ॲ’ तर तीन तऱ्हांनी टंकलेला सापडतो: ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर, ‘अ’वर वेगळा दिलेला चंद्र, आणि काही जण त्याजागी ‘ऍ’ वापरतात. लेखक एका पद्धतीने लिहितो, टंकलेखक दुसऱ्या, मुद्रितं दुरुस्त करणारा तिसऱ्या. हे सगळं एकाच पुस्तकात होतं.

आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांची पुस्तकं अजून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला मराठी अक्षर म्हणून ओळखता येईल अशा सामायिक पद्धतीत, नसतातच. जुन्या फाँटमध्ये केलेल्या पीडीएफमधून एक ओळ उचलून दुसरीकडे चिकटवून पाहा. रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी येते. त्या फाइलमध्ये ‘पुणे’ हा शब्द वाचकाला दिसतो, पण संगणकाच्या लेखी तिथे मराठी अक्षरच नसतं. अशा पुस्तकाबद्दल ‘शोधा, सापडेल’ असं सांगणं बरोबर नाही. छापील प्रत घेणाऱ्या वाचकाला आणि ग्रंथालयात बसून वाचणाऱ्याला तर ही सोयही नाही.

तिसरं म्हणणं असं की सूची हल्ली सॉफ्टवेअर करून देतं, त्यासाठी माणूस कशाला आणि मानधन कशाला. इथे मला सॉफ्टवेअरचीही बाजू घ्यायची आहे, कारण त्याने हे काम खरोखर सोपं केलं आहे. वर्डमध्ये शब्द निवडून ऑल्ट, शिफ्ट आणि एक्स एकत्र दाबलं की नोंदीची चौकट उघडते. मुख्य नोंद लिहा, पोटनोंद लिहा, ‘पाहा’ लिहा, एका पानापासून दुसऱ्या पानापर्यंत चाललेल्या चर्चेला बुकमार्क लावा. त्या जागी मजकुरात एक छुपी खूण बसते. मजकूर सरकला, चार परिच्छेद वाढले, तरी खूण आपल्या वाक्याबरोबर पुढे सरकते. शेवटी सूची घाला म्हटलं की सगळ्या खुणा गोळा होऊन पानांच्या आकड्यांसह उभ्या राहतात. नंतर पानं बदलली तर एफ-नाइन दाबून आकडे ताजे होतात. खुणा पडद्यावर उघड्या ठेवून सूची काढली तर त्याच जागा खातात आणि आकडे चुकतात, म्हणून आधी त्या लपवायच्या, एवढं भान ठेवलं की झालं. लिबरऑफिस रायटरमध्येही हे सगळं आहे, आणि ते विनामूल्य आहे. पूर्वी कार्डांवर किंवा चिठ्ठ्यांवर नोंदी करायच्या, त्या अकारविल्हे लावायच्या, आणि पानं पक्की होईपर्यंत आकड्यांसाठी हात बांधून बसायचं. ती सगळी दगदग गेली. म्हणूनच सूचीला वेळ नव्हता, हे कारण आता टिकत नाही. हस्तलिखित संपादनाच्या टेबलावर असतानाच खुणा घालायला सुरुवात करता येते.

पण खूण कुठे घालायची, हे सॉफ्टवेअरला कळत नाही. ‘मार्क ऑल’ दाबलं की वर्ड हुबेहूब जुळणारा मजकूर शोधतो आणि प्रत्येक परिच्छेदात तो पहिल्यांदा येतो तिथे खूण घालतो. ‘शाहू’वर ते दाबून पाहा. साताऱ्याचे छत्रपती शाहू आणि कोल्हापूरचे राजर्षी शाहू एका ओळीत येतात. त्यांच्यात सव्वाशे वर्षांचं अंतर आहे: पहिल्यांचं निधन १७४९ साली झालं, दुसऱ्यांचा जन्म १८७४चा. ‘रमाबाई’ म्हटलं की पंडिता रमाबाई, रमाबाई रानडे आणि रमाबाई आंबेडकर एक होतात. ‘पाटील’ हे कुठे आडनाव, कुठे गावचं वतन. उलट एकच माणूस एका पानावर ‘टिळक’, दुसऱ्यावर ‘लोकमान्य’, तिसऱ्यावर ‘बळवंतराव’ आणि चौथ्यावर नुसता ‘केसरीचे संपादक’ असतो. कोणत्या उल्लेखात माहिती आहे आणि कुठे नाव नुसतं जाता जाता आलंय, हा निवाडाही कुणीतरी करावा लागतो. भाषणांच्या यादीत एकदा आलेल्या नावासाठी वाचकाला पान उलटायला लावू नये.

एक सोय मात्र मराठीत फार कामाला येते आणि कुणी वापरताना दिसत नाही. वर्डला दोन रकान्यांचा तक्ता वेगळ्या फाइलमध्ये करून देता येतो. डाव्या रकान्यात मजकुरात सापडणारं रूप, उजव्या रकान्यात सूचीत हवी असलेली नोंद. डावीकडे ‘पुण्यात’, ‘पुण्याहून’, ‘पुण्याचा’, ‘पुण्यास’. उजवीकडे प्रत्येकापुढे ‘पुणे’. एका जिल्ह्याच्या गावांचा असा तक्ता एकदा नीट केला की तो त्या जिल्ह्यावरच्या पुढच्या प्रत्येक पुस्तकाला चालेल. तुमच्यापैकी पाच-सहा जणांनी मिळून महाराष्ट्रातल्या गावांचा, नद्यांचा, किल्ल्यांचा असा तक्ता करून सगळ्यांसाठी खुला ठेवला तर ओझं निम्म्याने कमी होईल. अर्थात त्यातून मिळतो तो कच्चा माल. त्यावर माणसाचा हात फिरावाच लागतो.

चौथी गोष्ट तुमच्या कार्यालयांतल्या कामाच्या पद्धतीची आहे, आणि माझ्या मते सगळ्या दुखण्याचं मूळ तिथे आहे. लेखक युनिकोडमध्ये फाइल देतो. संपादन त्यातच होतं. मग मांडणीसाठी ती फाइल कन्व्हर्टरमधून जुन्या फाँटमध्ये नेली जाते, कारण मांडणी करणाऱ्याकडे जुनं सॉफ्टवेअर आहे, हात त्यावर बसलाय आणि फाँटही ओळखीचे आहेत. त्या एका पायरीवर मजकूर तेवढा पुढे जातो, सूचीच्या सगळ्या खुणा गळून पडतात. मग पुन्हा पानं समोर घेऊन, हाताने आकडे लिहीत, चिठ्ठ्यांच्या काळातलं काम. तेही मुद्रितं फायनल झाल्यावर, म्हणजे छापखाना खोळंबलेला असताना.

जुन्या फाँटमध्ये क्रमही लावता येत नाही. तिथे अक्षरं तुकड्यातुकड्यांनी साठवलेली असतात. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी जाऊन बसते. संगणकाला क्रम लावायला सांगितलं तर ‘किसन वीर’ ‘क’मध्ये येतच नाहीत. युनिकोडमध्ये हा प्रश्न मिटतो, पण पूर्ण नाही. सांकेतिक क्रमांकांप्रमाणे लावलं तर ‘ळ’ हा ‘ल’च्या मागोमाग येतो. मग ‘काळे’ हे आडनाव ‘कालेलकर’नंतर लगेच आणि ‘कासार’च्या आधी लागतं. ‘क्षेत्र माहुली’ ‘क’च्या शेवटी जातं, ‘ज्ञानप्रकाश’ ‘ज’च्या शेवटी. ‘ॲनी बेझंट’ ‘ह’च्याही पलीकडे फेकल्या जातात. आपल्याकडे मुलं शाळेत ‘ह, ळ, क्ष, ज्ञ’ असं शिकतात आणि राज्य शासनाच्या २००९च्या निर्णयातली वर्णमालाही ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शेवटीच ठेवते. वाचक त्याच जागी शोधणार. म्हणून सूचीची भाषा मराठी निवडायची, लागलेला क्रम डोळ्यांखालून घालायचा, आणि जिथे हटवादीपणे चुकतो तिथे हाताने दुरुस्त करायचा. मांडणीच्या काही सॉफ्टवेअरमध्ये, इनडिझाइनमध्ये उदाहरणार्थ, नोंद एक आणि क्रमासाठीचं रूप वेगळं असं देता येतं. अनुस्वार आधी घ्यायचा की नंतर, आडनाव पुढे ठेवायचं की नाव, संतांना आणि राजांना आडनावाने लावायचं नाही, हे सगळं एकदा ठरवून सूचीच्या डोक्यावर चार ओळींत सांगितलं की पुरे. ही अवघड विद्या नाही. पण ती मांडणी करणाऱ्यावर अर्ध्या दिवसात ढकलण्यासारखीही नाही.

पाचवी तक्रार थोडक्यात. जुन्या, चांगल्या सूची असलेल्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या निघतात. टाइप बदलतो, आकार बदलतो, पानं बदलतात, आणि सूची तशीच छापली जाते. वाचक पान २१४ उघडतो, तिथे भलताच विषय असतो. सूची नसणं परवडलं, चुकीची सूची नको. ती वाचकाला लेखकावर अविश्वास ठेवायला शिकवते. यापेक्षा सोपा मार्ग म्हणून काही ठिकाणी सूचीच गाळतात. मूळ सूची करणाऱ्याने घेतलेले कष्ट दोन्हीकडे वाया जातात.

सहावी पैशांची आणि नावाची. बहुतेक करारांत सूचीचा उल्लेखही नसतो. असलाच तर ती लेखकाने द्यायची असं असतं. लेखक तोवर मुद्रितं वाचून थकलेला असतो. तो घाईत व्यक्तिनामांची यादी करून देतो, आणि पुस्तकातले विषय, संस्था, गावं, वाद, कायदे बाहेर राहतात. बाहेरून करून घेतली तर मानधन मुद्रितशोधनाच्या बिलात मिसळलं जातं आणि श्रेयनामावलीत नाव येत नाही. मुखपृष्ठ कुणाचं, अक्षरजुळणी कुणाची, मुद्रण कुठे झालं, हे सगळं तुम्ही छापता, आणि ते योग्यच आहे. त्यात एक ओळ वाढवायला काय हरकत आहे?

हे मी परक्या देशांचे दाखले देऊन तुमच्या माथी मारत नाही. ब्रिटनमध्ये सूचीकारांची संघटना १९५७पासून आहे, सूची कशी असावी याचं आंतरराष्ट्रीय मानक १९९६चं आहे. त्यांचा उपयोग जरूर करावा. पण आपल्याकडे याहून जवळची माणसं आहेत. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळात छापल्या गेलेल्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची तयार केली, ती १९४४ साली प्रसिद्ध झाली. पुढच्या काळाचा दुसरा खंडही त्यांनी केला. मराठी पुस्तकांवर काम करणाऱ्याला आजही तिच्याकडे जावं लागतं. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राचा इतिहास इंग्रजीत लिहिला, १९३० ते १९६२ या काळात त्याचे खंड निघाले. एवढ्या अफाट मजकुरातून आपल्याला हवं ते पान काढता येतं, ते मागे जोडलेल्या सूचींमुळे. संगणक नसताना, खिळे जुळवण्याच्या काळात हे होत होतं. ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी आनंद साजरा केला. त्या भाषेतलं संशोधन पुढच्या संशोधकाला वापरता येईल अशा अवस्थेत छापणं, एवढं तरी आपल्या हातात आहे.

तेव्हा माझ्या मागण्या.

संदर्भमूल्य असलेलं पुस्तक स्वीकारताना सूचीची पानं पहिल्याच अंदाजपत्रकात धरा. पानं वाढली तर बाकी काय कमी करता येईल ते लेखकाला विचारा, सूचीला शेवटी हात लावा आणि लेखकाला न सांगता मुळीच लावू नका.

सूची कोण करणार, तिचं मानधन किती आणि ते कोण देणार, हे करारात लिहा. जो करेल त्याचं नाव श्रेयनामावलीत छापा.

हस्तलिखितापासून छपाईपर्यंत फाइल युनिकोडमध्येच ठेवा. जुन्या सॉफ्टवेअरवर हात बसलेल्या मांडणीकारांना नवं शिकायला वेळ द्या आणि तो पगारी द्या. त्यांच्यावर हे एका रात्रीत लादू नका. कार्यालयापुरती लेखनाची एक पद्धत ठरवा: ‘ॲ’ कसा, ‘ऱ्य’ कसा. ही एका पानाची सूचना लेखकाला, टंकलेखकाला आणि मुद्रितशोधकाला सारखीच द्या.

नवी आवृत्ती काढताना जुनी सूची नव्या पानांवर ताडून घ्या. खुणा घातलेली मूळ फाइल जपून ठेवलीत तर पुढच्या वेळी हे काम पुष्कळ हलकं होईल. आज ती फाइल बहुतेकदा मांडणीकाराच्या जुन्या संगणकाबरोबर जाते.

ई-बुकमध्ये छापील पानांचे आकडे निरुपयोगी असतात म्हणून तिथून सूची उडवू नका. प्रत्येक नोंद मजकुरातल्या तिच्या जागेला दुव्याने जोडा.

आणि जी पुस्तकं सूचीशिवाय छापून झाली आहेत, त्यांची सूची करून ती संकेतस्थळावर कुणालाही उतरवून घेता येईल अशी ठेवा. त्यासाठी पुस्तक पुन्हा छापावं लागत नाही. कोणत्या पुस्तकांपासून सुरुवात करायची हे ग्रंथपालांना विचारा. वाचक कोणतं पुस्तक घेऊन तासन् तास पानं उलटत बसतात, ते त्यांना रोज दिसतं.

वाचकांना आणि ग्रंथालयांच्या खरेदी समित्यांनाही एक विनंती. जाड संदर्भग्रंथ घेताना मागची पानं पाहा, आणि सूची नसेल तर प्रकाशकाला तसं लिहून कळवा. संशोधनपर पुस्तकांना अनुदान देणाऱ्या संस्थांनी सूचीची अट घालावी. तिचा खर्च अनुदानात धरावा, म्हणजे तो लेखकाच्या खिशातून जाणार नाही.

ज्या ग्रंथावरून हे पत्र लिहिलं त्याची सूची माझ्याकडे तयार आहे, छापलेल्या पानांशी ताडलेली. लेखकाची संमती आहे. संबंधित प्रकाशकांनी ती आपल्या संकेतस्थळावर ठेवावी, ग्रंथाच्या उरलेल्या प्रतींमध्ये तिचा पत्ता छापलेली एक चिठ्ठी घालावी, आणि पुढच्या आवृत्तीत ती पुस्तकाला जोडावी. यासाठी मला वेगळं मानधन नको. बाकीच्या प्रकाशकांनी वरच्या मागण्यांपैकी कोणत्या मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि का, ते जाहीरपणे सांगावं, ही विनंती.

आपली,
एक मुद्रितशोधक आणि सूचीकार, पुणे